पगारपत्रकातील कपात आणि कराचा हिशोब

वार्षिक अहवालासोबत जोडलेले जमाखर्चाचे पत्रक आपले अनेक देणगीदार बारकाईने वाचतात, ही आम्हांस समाधानाची बाब वाटते. या वाचनातूनच एक प्रश्न वारंवार पुढे येतो. वेतनाच्या आकड्याखाली ‘भविष्य निर्वाह निधीतील संस्थेचा वाटा’, ‘उपदान तरतूद’ अशा रकमा दिसतात. रुग्णसेवेसाठी दिलेली देणगी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीसाठी का खर्च व्हावी, अशी शंका काहींच्या मनात येते. दुसरीकडे आमचे कर्मचारीही विचारतात की, नव्या करप्रणालीत वजावटच मिळत नसेल, तर पगारातून ही कपात कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच हिशोबात दडलेले आहे. तो हिशोब सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. यातील कराविषयीचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

पगारातून काय जाते आणि कोठे जाते

रुग्णालय धर्मादाय असले, तरी कामगारविषयक कायद्यांतून त्यास सूट नाही. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस भविष्य निर्वाह निधीची योजना लागू होते. तिचा पाया १९५२ च्या कायद्याने घातला. कर्मचारी आपल्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम देतो आणि तेवढीच रक्कम संस्था देते. मात्र संस्थेचा वाटा एका जागी जात नाही. त्यातील ८.३३ टक्के भाग १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातो. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरविलेल्या कमाल १५,००० रुपये वेतनावर त्याचा हिशोब होतो. उरलेला भाग कर्मचाऱ्याच्या निधी खात्यात जमा होतो.

उदाहरण घेऊ. वॉर्डातील एखाद्या मावशींचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे असे समजा. त्यांच्या पगारातून १,८०० रुपये कापले जातात. संस्था आपल्याकडून आणखी १,८०० रुपये घालते. त्यातील १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० रुपये निधी खात्यात जातात. म्हणजे मावशींच्या खात्यात दरमहा २,३५० रुपये पडतात आणि निवृत्तिवेतनाचा हक्क वेगळा तयार होतो. याशिवाय ठेवीशी संलग्न विमा योजनेसाठी संस्था अर्धा टक्का, म्हणजे ७५ रुपये, देते. त्यासाठी कर्मचाऱ्यास काहीही द्यावे लागत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी निधीवर ८.२५ टक्के व्याज मिळाले.

ही रक्कम मावशींच्या हातात आज पडत नाही, परंतु ती त्यांनी केलेल्या कामाचाच मोबदला आहे. रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, भेदरलेल्या नातेवाइकांना धीर देणाऱ्या हातांची ती मजुरी आहे, फक्त तिचा काही भाग त्यांच्या उतारवयासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणूनच या खर्चास आम्ही रुग्णसेवेचाच खर्च मानतो.

राज्याचा कर : व्यवसाय कर

पगारपत्रकावर निधीच्या कपातीशेजारी आणखी एक छोटी कपात दिसते, ती व्यवसाय कराची. पगारावर प्राप्तिकर आकारण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्यांना व्यवसाय, व्यापार व नोकरी यांवर कर बसविण्याची मुभा दिली आहे, परंतु त्याची कमाल मर्यादा एका व्यक्तीस वर्षाला २,५०० रुपये अशी घातली आहे. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश यांसारख्या ठिकाणी हा कर नाही. महाराष्ट्राने तो १९७५ च्या कायद्याने लागू केला. या कराचे नाते रोजगार हमी योजनेशी आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने ग्रामीण महाराष्ट्रास हात दिला आणि जिचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते, त्या योजनेस पैसा उभा करणे हा या करामागील हेतू होता. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेरोजगाराच्या मजुरीस हातभार लावावा, असा तो विचार.

सध्याच्या दरांनुसार पुरुष कर्मचाऱ्यास दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. ७,५०१ ते १०,००० रुपयांपर्यंत दरमहा १७५ रुपये आणि त्यापुढे दरमहा २०० रुपये, परंतु फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी आकारणी होते. महिला कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पूर्ण माफी आहे. त्यामुळे वरील उदाहरणातील मावशींना व्यवसाय कर लागणार नाही, पण त्याच पगारावरील मामांच्या वेतनातून वर्षाला २,५०० रुपये जातील. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांना आणि कायमचे शारीरिक अपंगत्व असलेल्यांना, तसेच मतिमंद अपत्याच्या पालकांना कायद्याने यातून सूट दिली आहे. अशा पात्र कर्मचाऱ्यांनी आवश्यक प्रमाणपत्र वेतन विभागाकडे वेळेवर द्यावे, अशी आमची विनंती असते, कारण कापून भरलेला कर परत मिळविणे किचकट असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यवसाय कराचा टप्पा ठरविताना एकूण पगार पाहिला जातो. निधीसाठी कापलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. एखाद्या परिचारिकेचा एकूण पगार २६,००० रुपये असेल आणि कपातीनंतर हाती २३,००० रुपये येत असतील, तरी तिला कर लागतो. निवृत्तीसाठीच्या बचतीची दखल राज्याचा हा कर घेत नाही. ती दखल घेतो केंद्राचा प्राप्तिकर, आणि तीही टप्प्याटप्प्याने.

केंद्राचा कर : जमा होताना, वाढताना, मिळताना

कोणत्याही निवृत्तिबचतीवर सरकार तीन वेळा कर लावू शकते. पैसा जमा होताना, त्यावर व्याज चढताना आणि शेवटी तो हाती येताना. भविष्य निर्वाह निधीचे वैशिष्ट्य असे की सर्वसामान्य कर्मचाऱ्यास या तिन्ही वेळा सवलत मिळत आली.

पहिला टप्पा जमा होण्याचा. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्यास १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०सी खाली, इतर बचतींसह १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत, वजावट मिळते. परंतु ही वजावट फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास आहे. २०२३-२४ पासून नवी प्रणाली मूळची मानली जाते, आणि तीत ना ही वजावट मिळते, ना व्यवसाय कराची. संस्थेने भरलेला वाटा मात्र वेतनाच्या १२ टक्क्यांपर्यंत दोन्ही प्रणालींत कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही.

मग नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याचे नुकसान होते काय? २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर द्यावा लागत नाही, आणि पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. परिचारिका, तंत्रज्ञ, लिपिक, मावशी, मामा यांच्यापैकी बहुतेकांचे उत्पन्न या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. जेथे करच नाही, तेथे वजावट नसल्याचे दुःखही नाही. त्यांच्यासाठी निधीचे खरे मोल पुढील दोन टप्प्यांत आहे.

दुसरा टप्पा व्याजाचा. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा वर्षाला २,५०,००० रुपयांच्या आत असेल, तर त्यावरील व्याज करमुक्त असते. १ एप्रिल २०२१ पासून त्यावरील जादा भरण्याच्या व्याजावर कर लागतो. म्हणजे दरमहा सुमारे २०,८०० रुपयांहून अधिक रक्कम स्वतःच्या वाट्याची भरणाऱ्यासच याची झळ लागते.

तिसरा टप्पा रक्कम हाती येण्याचा. पाच वर्षांची सलग सेवा झाल्यानंतर काढलेली निधीची रक्कम व्याजासह करमुक्त असते. ही सवलत कोणत्याही करप्रणालीवर अवलंबून नाही. वीस-पंचवीस वर्षे पै-पै साठून उभी राहिलेली रक्कम एका पैशाचाही कर न देता घरी नेता येते, यापेक्षा मोठे प्रोत्साहन साध्या पगारदारास दुसरे नाही.

मध्येच काढलेल्या रकमेची किंमत

हीच सवलत पाच वर्षांच्या आत खाते रिकामे करणाऱ्यास नाकारली जाते. अशा वेळी संस्थेचा वाटा व त्यावरील व्याज वेतन म्हणून करपात्र ठरते, स्वतःच्या वाट्यावरील व्याज अन्य उत्पन्न मानले जाते आणि पूर्वी घेतलेली वजावटही परत हिशोबात धरली जाते. काढलेली रक्कम ५०,००० रुपये वा अधिक असेल, तर १० टक्के कर आधीच कापला जातो, आणि पॅन दिलेला नसल्यास २० टक्के. ज्यांचे एकूण उत्पन्न करपात्र नाही त्यांनी विहित घोषणापत्र दिल्यास ही कपात टळते. आजारपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरील कारणामुळे नोकरी सुटली असेल, तर कायदा त्यास पाच वर्षांची अट लावत नाही.

रुग्णालयांत परिचारिका व तंत्रज्ञ दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, हे सर्वत्र दिसते. जाताना अनेकजण निधीची रक्कम काढून घेतात. रक्कम लहान वाटते, मोडते आणि खर्चही होते. नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही मग जुळत नाही. याऐवजी खाते नव्या मालकाकडे वर्ग केल्यास आधीची सेवा पुढे जोडली जाते. २०१४ पासून प्रत्येक सदस्यास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो, त्यामुळे वर्ग करण्याचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने सदस्याच्या खात्यात किमान २५ टक्के शिल्लक राखण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही हीच चिंता आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही येथे एक विनंती करावीशी वाटते. आजारपण आले की प्रथम निधीकडे हात जातो. योजनेत आजारपणासाठी रक्कम उचलण्याची सोय आहे आणि सावकाराच्या कर्जापेक्षा ती कितीतरी बरी. परंतु त्याआधी आमच्या समाजसेवा विभागात अवश्य चौकशी करावी. २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. जी मदत हक्काने मिळू शकते, ती न घेता उतारवयाची पुंजी मोडू नये.

उपदान आणि रजेचा पगार

उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. हा संपूर्ण भार संस्थेचा. १९७२ च्या कायद्याने आखून दिलेला हिशोब असा : शेवटच्या मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे आणि आलेल्या रकमेस सेवेच्या वर्षांनी गुणावे. शेवटचे वेतन २६,००० रुपये आणि सेवा २० वर्षे असेल, तर उपदान ३,००,००० रुपये होते. नियमित कर्मचाऱ्यास त्यासाठी पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. मार्च २०१८ पासून उपदानाची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे आणि तेवढीच रक्कम करमुक्त आहे. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेपोटी मिळणारा पगार बिगरसरकारी कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून कमाल २५ लाख रुपयांपर्यंत, ठरलेल्या हिशोबाच्या मर्यादेत, करमुक्त आहे. नोकरीत असतानाच रजा विकल्यास मात्र त्यावर कर लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली. तीनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर जादा भाग वेतनात धरावा लागतो. ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यासही एक वर्षानंतर उपदानाचा हक्क मिळतो. संस्थेच्या खर्चात यामुळे भर पडते, परंतु कंत्राटी मुदतीवर राबणाऱ्या हातांना न्याय मिळतो, हेही तितकेच खरे.

डॉक्टरांविषयी थोडेसे

पूर्णवेळ पगारी डॉक्टरांना वरील सर्व नियम लागू आहेत. निधी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना व सेवानिवृत्ती निधी मिळून संस्थेने वर्षाला साडेसात लाख रुपयांहून अधिक भरल्यास जादा रक्कम २०२०-२१ पासून करपात्र आहे. मानद व सल्लागार डॉक्टरांना पगार नसतो, व्यावसायिक शुल्क असते. त्यांस निधी लागू नाही, आणि व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये त्यांचे त्यांनी भरावयाचे असतात.

संस्थेच्या हिशोबात याचे स्थान

आता देणगीदारांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्मादाय संस्थेस प्राप्तिकरातून सूट मिळण्यासाठी उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांचे वेतन व त्यावरील संस्थेचा वाटा हा या उद्दिष्टांवरील खर्चातच मोडतो. परंतु २०२२ च्या वित्त अधिनियमाने हे स्पष्ट केले की, खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष अदा होईल त्याच वर्षी तो धरला जाईल. ताळेबंदात उपदानासाठी नुसती तरतूद लिहिली, तर ती करासाठी खर्च ठरत नाही. पैसा प्रत्यक्ष हातून जावा लागतो. म्हणून कागदावरील तरतूद वाढवीत नेण्यापेक्षा दरवर्षी उपदानाची रक्कम मान्यताप्राप्त निधीत भरणे हे संस्थेच्याही हिताचे आणि कर्मचाऱ्याच्याही. संस्थेवर उद्या वाईट दिवस आले, तरी वेगळ्या निधीत पडलेला पैसा सुरक्षित राहतो.

निधीच्या भरण्याविषयी कायदा आणखी कडक आहे. पगारातून कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. उशीर झाल्यास १२ टक्के दराने व्याज आणि त्यावर दंडात्मक नुकसानभरपाई द्यावी लागते. ही रक्कम देणगीच्या पैशांतून जाते आणि तिने एकाही रुग्णाची सेवा होत नाही. कापलेला पैसा भरलाच नाही, तर कायदा त्यास फौजदारी न्यासभंग मानतो. त्या पैशांपुरते कायद्याने मालकास विश्वस्त केले आहे. ज्या संस्थेचा पायाच न्यास आहे, तिने हा दुसरा न्यास पहिल्याइतकाच जपावा, अशी आमची धारणा आहे. वाचकांनी कोणत्याही संस्थेचा ताळेबंद चाळताना ‘देय भविष्य निर्वाह निधी’ ही बाब अवश्य पाहावी. एका महिन्याच्या भरण्याहून ती मोठी दिसली, तर खुलासा मागण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी

हा अहवाल कर्मचाऱ्यांच्या घरीही पोहोचतो, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाल्यास ठेवीशी संलग्न विमा योजनेतून वारसांना कमाल ७ लाख रुपयांपर्यंत लाभ मिळतो. एका महिन्याचे जरी अंशदान भरलेले असले, तरी पत्नीस किंवा पतीस निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. कुटुंब निवृत्तिवेतन करपात्र असले, तरी त्यातून एकतृतीयांश भाग वजा होतो. या वजावटीची मर्यादा जुन्या प्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत २५,००० रुपये आहे. हे सारे सुरळीत मिळण्यासाठी नामनिर्देशन अद्ययावत हवे. अविवाहित असताना आईवडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्द ठरते आणि ते पुन्हा करावे लागते. आधार, पॅन व बँक खात्यावरील नावांत एका अक्षराचा फरक असला, तरी दावा अडकतो. दुःखाच्या दिवसांत घरच्यांवर कार्यालयांचे उंबरे झिजविण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे काम आजच उरकावे.

प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, आणि मर्यादाही वेळोवेळी बदलतात. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी आपल्या करसल्लागारास विचारावे. तथापि या सर्व नियमांचा रोख एकच दिसतो. पैसा प्रत्यक्ष भरावा, वेळेवर भरावा आणि म्हातारपणापर्यंत त्यास हात लावू नये. संस्था असो वा कर्मचारी, जो हे पाळतो त्याच्या बाजूने कायदा उभा राहतो.

ज्या हातांनी आपल्या आप्तांची सेवा केली, ते हात थकल्यावर रिकामे राहू नयेत, एवढीच या आकड्यांमागील भावना आहे. आपल्या देणगीचा काही अंश त्या कामी येतो, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. या विषयावरील शंकांसाठी रुग्णालयाच्या लेखा विभागाचे दार कर्मचारी, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक या सर्वांसाठी कामकाजाच्या वेळेत खुले आहे.